दुसरी आवळणी

चाचांनी आयुष्यात एकही काम पुरं करून दिलं नाही. ही तक्रार नव्हे, ते स्वतःच तसं सांगायचे. ट्रॅक्टरचं मागचं चाक चढवून, नट आवळून, चिंधीला हात पुसून झाले की गिऱ्हाईक निघायच्या तयारीला लागायचं आणि चाचा म्हणायचे, "थांब. काम अर्धंच झालंय. एक खाचर मार आन् परत ये. दुसऱ्यांदा आवळल्याबिगर ह्ये चाक माझं न्हाई आन् तुझंबी न्हाई." जुन्नरच्या पेठेत त्यांना नावानं हाक मारणारे थोडे होते. पश्चिमेकडच्या डोंगरातून येणारे आम्ही सगळे त्यांना 'परत-ये चाचा' म्हणायचो.

पेठेच्या टोकाला त्यांची पत्र्याची शेड होती. शेडमागच्या खोलीत ते आणि चाची राहायचे. काम एकाच प्रकारचं: छोट्या ट्रॅक्टरचा मागचा एक्सल आणि त्यावरची चाकाची बैठक. इंजिन घेऊन कुणी आलं की ते हात जोडायचे. "डोक्याचं दुखणं दुसरीकडं. मी कमरेचा डाक्टर हाय." दाढीला मेंदी लावलेली, शुक्रवारी कानात अत्तराचा बोळा, आणि त्या अत्तरात मिसळलेला ग्रीसचा वास. माणसांना ते गावाच्या नावानं हाक मारत. "काय तळेघर, यंदा लवकर?" "बस घाटघर, तुझा नंबर मागनं." माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. माझं गाव मढ, म्हणून मी मढ होतो.

चाकणची नोकरी सोडून मी गावी आलो, तेव्हा वडिलांची बैलजोडी विकून एक जुना छोटा ट्रॅक्टर घेतला. आमची भातखाचरं अरुंद, मोठा ट्रॅक्टर वळतच नाही. बैल गेले त्या दिवशी वडिलांनी गोठा स्वच्छ झाडून घेतला आणि पुढे ते कधी त्या बाजूला बसले नाहीत. मला ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यामुळे ट्रॅक्टरचं काही बिघडलं की बैलांचीच हाय लागली असं मला वाटायचं, आणि मी ते बिघडणं वडिलांपासून लपवायचो. डावं चाक डुलायला लागलं तेव्हाही लपवलं. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्याची पट्टी चाक आणि बैठकीच्या मध्ये कोंबली, आणि अख्खी भाताची चिखलणी तशीच उरकली. शेवटी चाक इतकं कलंडलं की ट्रॅक्टर पिकअपमध्ये घालून गणेशखिंडीनं जुन्नरला आणावा लागला.

चाचांनी चाक उतरवलं. ती पट्टी दोन बोटांत धरून, मेलेला उंदीर शेपटीनं धरावा तशी वर उचलली आणि खोलीकडे तोंड करून ओरडले, "अगं, बाहेर ये! मढनं चाकाला बनियन घातलंय!" चाची पदराला हात पुसत दारात आल्या, पट्टी पाहिली आणि म्हणाल्या, "थंडी वाजत असंल बिचाऱ्याला." शेडमधली सगळी गिऱ्हाइकं हसली. मलाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं होतं.

एक्सल बाहेर आला तेव्हा माझं हसू गेलं. तेल अडवणारं रबरी सील फाटून आत चिखलाचं पाणी शिरलं होतं आणि तेल दुधाच्या चहासारखं झालं होतं. बेअरिंग बसतं तिथं लोखंड झिजून खोबण पडली होती. बैठकीची गोल भोकं चिंचोक्यासारखी लांबट झाली होती. चाचांनी एकेक भोकात करंगळी फिरवली, जणू माझ्या पापांची मोजदाद चालली आहे. मग झिजलेला भाग वेल्डिंगनं भरला, एक्सल राखेत पुरून ठेवला आणि म्हणाले, "आता जा, मिसळ खा. लोखंडाला घाई दाखवायची न्हाई, त्ये मनात ठेवतं." निवल्यावर लेथवर चढवून त्यांनी ते भरलेलं लोखंड हळूहळू उतरवलं. दर थोड्या वेळानं मशीन थांबवायचे, बेअरिंग लावून बघायचे, मान हलवायचे. भोकं भरून नव्यानं पाडली, नट चढवायचे नवे स्टड बसवले.

चाक चढवताना त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. आमच्या भागातला प्रत्येक माणूस करतो ती चूक त्यांना मला दाखवायची होती. चिखलणीला आम्ही रबरी चाकं काढून लोखंडी जाळीची चाकं चढवतो आणि लावणी उरकली की पुन्हा रबरी. हे सगळं खाचराच्या बांधावरच, चिखलाच्या हातांनी. "तुमी नट आवळता, त्यो घट्ट लागतो, तुमी खूश," चाचा म्हणाले. "पर आत चिखल बसलाय. चिखल वाळला की त्याचं पीठ व्हतं, पीठ गळून पडतं, आन् नट हाय तिथंच ऱ्हातो. घट्ट कुणाला? हवेला!" म्हणून त्यांचं पहिलं काम म्हणजे दोन्ही बाजू तारेच्या ब्रशनं चकचकीत करणं, मग नट समोरासमोरचे आवळणं, आणि थोडं चालवून झाल्यावर पुन्हा आवळणं. "नवी सून हाय ती," चाकावर थाप मारून ते म्हणाले. "पहिल्या दिवशी नीट बसलेली दिसती. दोन कामं पडू दे, मग कळतं कुठं अडती."

आणखी एक गोष्ट त्यांनी त्याच दिवशी दाखवली. दुसऱ्या एका ट्रॅक्टरच्या नटाखाली अंगठा घासून तो माझ्यासमोर धरला. अंगठ्यावर तांबडी पावडर होती. "सैल नट हलतो, घासतो, गंज काढतो. पाना लावायच्या आदी अंगठा लावायचा. सैल नट लाल रडतो. घट्ट नट कोरडा."

दुसऱ्या आवळणीला मी परत गेलो, तो शहाणपणानं नव्हे. पुन्हा चाक डुललं तर वडिलांना कळेल ही धास्ती होती. चाचांनी मला लांबून येताना पाहिलं आणि हातातलं काम टाकून उठले. नटांवर पाना ठेवून अंगाचा भार दिला. प्रत्येक नट जेमतेम चिमूटभर फिरला. एवढंच काम. मग त्यांनी चहा मागवला आणि आम्ही दिवस कलेपर्यंत बोलत बसलो. म्हणजे ते बोलत बसले. कुठल्या गावच्या दगडानं कुणाचा स्टड तुटला, कुणी नट हरवला म्हणून तारेनं बांधून कसा आणला, लग्नानंतर चाची पहिल्यांदा जुन्नरला आल्या तेव्हा लेथचा आवाज ऐकून कशा घाबरल्या. चाची आतून म्हणाल्या, "नट फिरतोय चिमूटभर, आन् ह्यांची जीभ दिवसभर. जाऊ द्या त्याला, घाटात धुकं व्हतं." चाचा म्हणाले, "धुक्यातबी चाक घट्ट असलं की भीती न्हाई." आणि पुन्हा बोलू लागले. पुढची काही वर्षं मी दर हंगामात असा दुसऱ्या आवळणीला गेलो. माझी बायको मुलांच्या शाळेसाठी नारायणगावला राहायची, वडील बोलत नसत. जुन्नरच्या त्या शेडमध्ये माझ्याशी कुणीतरी पोटभर बोलायचं.

चाचा साधेभोळे होते असं कुणी समजू नये. आपल्या हाताचा त्यांना भलता अभिमान होता आणि दुसऱ्या मिस्त्रींबद्दल ते फार वाईट बोलायचे. एका वर्षी माझ्या एक्सलमधून तेल झिरपू लागलं. तक्रार घेऊन गेलो, तर त्यांनी माझ्या चालवण्याला, माझ्या गावच्या रस्त्याला, चाकणच्या कंपन्यांना आणि एकूण शिकलेल्या लोकांना भरपूर नावं ठेवली. मग उघडून पाहिलं. सील तिरकं बसलं होतं, त्यांच्याच हातून. त्यांनी ते उपसून काढलं आणि आत वळून म्हणाले, "चहात साखर जास्त टाक गं, मढ चिडलाय." मी चिडलो नव्हतो. माफी मागायची ती त्यांची तऱ्हा होती.

चाची गेल्या त्यानंतर चाचांची शेड लवकर बंद होऊ लागली. लेथचा पट्टा तुटला तो बरेच दिवस तसाच होता. गुडघे धरले होते, उकिडवं बसलं की उठताना ट्रॅक्टरचा टायर धरावा लागायचा. काम येत नव्हतं असं नाही. चिखलणीच्या आधी एक्सल भरायला लोक येतच होते. येत नव्हते ते दुसऱ्यांदा. "परत ये" हे शब्द ते अजून प्रत्येकाला सांगायचे, आणि शेडच्या तोंडाशी लोखंडी स्टूल टाकून रस्त्याकडे बघत बसायचे. मीही जात नव्हतो. मी बाजारातून लांब दांड्याचा पाना आणला होता, त्याला पाइप अडकवून घरीच आवळायचो. वडील वारले होते, आता लपवायला कुणी उरलं नव्हतं. जुन्नरला गेलो तरी शेडसमोरून जाताना मोटारसायकलवरूनच हात करायचो. एकदा हात करून पुढे गेल्यावर आरशात पाहिलं, तर ते स्टुलावरून उठून उभे राहिले होते. मी थांबलो नाही. घाई कसली होती, ते आता आठवत नाही.

गेल्या वर्षी लावण्या उरकल्यावर त्यांचा फोन आला. मुलगी भिवंडीला असते, ती न्यायला येणार होती. शेड एका वेल्डिंगवाल्यानं घेतली होती. "मढ, तुझी गाडी मोकळी हाय का?" ते म्हणाले. "डोंगरात माझं काम अर्धं पडलंय. आवळून येतो आन् मग जातो." मला आधी कळलंच नाही. त्या वर्षी त्यांनी ज्यांचे ज्यांचे एक्सल भरले होते आणि जे परत आले नव्हते, त्या सगळ्यांकडे जाऊन त्यांना दुसऱ्यांदा नट आवळायचे होते. एसटी तिकडे क्वचितच, आणि उतरल्यावर चालणं फार. त्या गुडघ्यांनी ते शक्य नव्हतं. मी मोटारसायकल काढली.

ते मागे बसले. मांडीवर आडवा धरलेला त्यांचा जुना पाना प्रत्येक खड्ड्यात माझ्या बरगडीला लागत होता. पहिल्यांदा तळेघरला गेलो. पाऊस बारीक होता, खाचरं हिरवीगार. ट्रॅक्टरमालक रानात गेला होता, त्याची बायको ओटीवर नाचणीच्या भाकरी थापत होती. चाचांनी चाकाजवळ बसून अंगठा लावला, मग पाना लावला. नट हलला नाही. दुसरा नाही. एकही नाही.

"परवाच आवळलं हो चाचा," ती म्हणाली. "धनी दरसाली दोनदा आवळत्यात. न्हाई आवळलं तर चाचा शिव्या देतील म्हनत्यात."

"मी कवा दिल्या शिव्या?" चाचा म्हणाले आणि मोठ्यानं हसले. तिनं भाकरी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. परतीच्या वाटेवर चाचांनी तिचं ते शिव्यांचं बोलणं मला दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी घाटघरला तेच झालं. तिथला मालक तरणा, तोंडाळ गडी. चाचांना पाहून धावत आला. "काय चाचा, एवढ्या लांब? आज काय सोडत न्हाई तुमाला, कोंबडं कापतो."

"चाक बघायला आलोय."

"चाकाला काय धाड भरली? तुमीच शिकवलं न्हवं? ब्रश मारायचा, समुरासमुर आवळायचं, चिखल वाळला की परत आवळायचं. मी वाडीतल्या दुसऱ्या ट्रॅक्टरवाल्यालाबी शिकवलं. आता त्येवढ्यासाठी जुन्नर गाठून तुमाला कशाला तरास द्यायचा?"

चाचांनी तरीही प्रत्येक नटावर पाना ठेवला. त्यांनी सगळा भार दिला, मानेच्या शिरा फुगल्या. नट दगडासारखे होते. शेजारच्या ट्रॅक्टरचेही. "घट्ट हाय," ते दर वेळी म्हणायचे, आणि दर वेळी आवाज थोडा खाली जायचा. तो गडी कौतुकानं बघत होता. आपण चांगला विद्यार्थी निघालो म्हणून चाचा खूश आहेत असंच त्याला वाटत असणार.

नाणेघाटाकडून धुकं वर येत होतं. रस्त्याकडेला चाचा उतरले, पाय मोकळे करतो म्हणाले.

"मढ, सगळी शिकली रे."

"चांगलंच झालं की, चाचा."

"चांगलं झालं," ते म्हणाले. "लई चांगलं झालं." आणि हातातला पाना ते उलटसुलट करून बघत राहिले, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

मढला, माझ्याकडे, ते तिसऱ्या दिवशी यायचे होते. शेवटचा ट्रॅक्टर माझाच. त्या सकाळी त्यांना आणायला निघण्याआधी मी गोठ्यात गेलो. ट्रॅक्टर आता तिथंच उभा असतो, बैलांच्या जागी. मी पाइप अडकवला आणि डाव्या चाकाचा एकेक नट सैल केला. त्यांनी मला शिकवलेल्या सगळ्याच्या विरुद्ध मी वागत होतो, आणि तेही चोरासारखा. पण आणखी एकदा त्यांना "घट्ट हाय" म्हणताना ऐकायची माझी तयारी नव्हती.

चाचा आले. टायर धरून हळूच खाली बसले. सवयीनं पहिल्या नटाखाली अंगठा घासला आणि डोळ्यांसमोर धरला. त्या क्षणी माझ्या लक्षात आलं. अंगठा कोरडा होता. आपण होऊन सैल पडलेला नट लाल रडतो, आणि माझ्या नटाखाली लाल काही नव्हतं. होत्या त्या फक्त नटाच्या कोपऱ्यांवर पान्याच्या ताज्या, चकाकणाऱ्या खुणा. चाचा त्या अंगठ्याकडे बघत राहिले. मी बाहेर फणसाच्या झाडाकडे बघत राहिलो.

मग त्यांनी पाना लावला. नट सहज फिरला.

"सैल हाय!" ते ओरडले. "लई सैल हाय राव! मढ, झोपला व्हतास का काय? घाटात चाक निसटलं असतं तर? घाटघरचं पोरगं शाना, आन् तू एवढा बाप्या!" त्यांनी मला माझ्याच गोठ्यात, जमलेल्या शेजाऱ्यांच्या देखत मनसोक्त झापलं. पत्र्याच्या पट्टीची जुनी गोष्टही सगळ्यांना सांगितली. बोलता बोलता समोरासमोरचे नट आवळत होते, धाप लागत होती, पण पाना माझ्या हातात देत नव्हते. झाल्यावर चिंधीला हात पुसले. "चल. एक खाचर मार आन् परत ये."

खाचरं भातानं भरली होती. मी ट्रॅक्टर वाडीच्या रस्त्यानं देवळापर्यंत नेला आणि वळवला. परत येताना लांबूनच चाचा दिसले. पालथ्या घमेल्यावर बसले होते, मांडीवर पाना, नजर रस्त्यावर. गिऱ्हाईक पोचतं तेव्हा चाचा नेहमी उठून उभे राहिलेले असायचे, त्यामुळे बसून वाट बघणारे चाचा मी नीट असे कधी पाहिलेच नव्हते. मी ट्रॅक्टरचा वेग कमी केला. लवकर पोचावंसं वाटेना आणि त्यांना ताटकळत ठेवावंसंही वाटेना.

दुसऱ्यांदा नट चिमूटभर फिरले. चाचांनी शेवटच्या नटावर तळहात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला आणि म्हणाले, "झालं. काम पुरं झालं." हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते.

मुलगी आली त्या दिवशी मी जुन्नरच्या स्टँडवर गेलो. "चाचा, राहा माझ्याकडं. जागा आहे," असं मी म्हणालो. ते नाही म्हणतील हे मला माहीत होतं, आणि माहीत होतं म्हणूनच माझी जीभ इतकी सहज वळली, हेही खरं आहे. ते म्हणाले, "गोठ्यात काय आवळू मी? तुझ्याकडं बैलबी न्हाईत." मुलीनं पिशव्या उचलल्या. पाना एका पिशवीतून बाहेर डोकावत होता. चाचा एसटीच्या पायरीवर चढले, दांडा धरून वळले आणि माझ्या कानाशी वाकले.

"मढ, पुढच्या टायमाला थोडी लाल पावडरबी लावून ठेव."

एसटी निघून गेली तरी मी तिथंच उभा होतो.

आता ते भिवंडीला मुलीकडे तिसऱ्या मजल्यावर राहतात. खाली यंत्रमागांचा खडखडाट रात्रंदिवस चालतो आणि गल्लीत रिक्षा उभ्या असतात. रिक्षांच्या नटांना चाचा अंगठा लावून बघतात म्हणून रिक्षावाले अंगावर येतात, असं मुलगी सांगत होती. यंदा लावणी उरकल्यावर मी रबरी चाकं चढवली, देवळापर्यंत जाऊन आलो आणि त्यांना फोन लावला. "आवळलंस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "एकदाच. दुसऱ्यांदा तुमच्यासाठी ठेवलंय." ते म्हणाले, "फोन चाकाजवळ धर." मी तो मडगार्डवर ठेवला, आवाज मोठा केला आणि पाना लावला. नट करकरत फिरला. पलीकडून मागांच्या आवाजातून चाचा म्हणाले, "अजून." मी भार दिला. "अजून थोडा. हां, बस. आता समोरचा घे."

सगळे नट झाले. तरी बराच वेळ फोन कुणीच ठेवला नाही.